उजव्या कोपराचा डाग

आमच्या संघाचा प्रत्येक सामना मी दोनदा बघते. एकदा शनिवारी मैदानात आणि दुसऱ्यांदा सोमवारी सकाळी, माझ्या लाँड्रीतल्या लांब टेबलावर. दुसऱ्यांदा जास्त खरं दिसतं. कोण किती धावला याबद्दल वर्तमानपत्रवाले काहीही लिहोत, माझ्यासमोर कपडे पसरले की कुणाचंही पितळ उघडं पडतं. सात नंबरवाला सगळ्या शहराचा लाडका, सारखा केस मागे सारत असतो. पण त्याच्या हाफपँटला बसायच्या जागी गवत लागलेलं असतं. म्हणजे स्वारी पळते कमी आणि पडते जास्त. उलट तीन नंबरवाल्याचं नाव कुणाच्या तोंडी नसतं, आणि त्याची जर्सी दोन पाण्यांतून काढल्याशिवाय घामाचा वास सोडत नाही. मी हे कुणाला सांगत नाही. डॉक्टरने आणि लाँड्रीवाल्याने तोंड बंद ठेवावं, असं माझे सासरे म्हणायचे.

बावीस वर्षं संघाचे कपडे आमच्याकडे येतात आणि बावीस वर्षं मी स्टँडमध्ये गोलच्या मागे, बाराव्या ओळीत बसते. आधी कपडे आले की आधी वेड लागलं, ते आता आठवत नाही. एवढ्या काळात आमची पोरं तीनदा प्लेऑफला पोचली. लीगमध्ये पहिल्या चारांत यायचं, मग प्लेऑफ जिंकायचा, मग वरच्या गटात जायचं, असा तो जिना आहे. तिन्ही वेळा हातातोंडाशी आलेला घास गेला. येत्या शनिवारी चौथी खेप. शहरात आणखी एक संघ आहे आणि तो वरच्या गटात आहे, पण त्याच्याबद्दल मी बोलत नाही.

तशी मी भोळीभाबडी नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्याला वाट देते आणि पुढे चालू लागते. पण फुटबॉलची गोष्ट वेगळी. सामन्याच्या दिवशी मी आधी डावी चप्पल घालते. पेनल्टी असली की चेंडूकडे न बघता पुढच्या ओळीतल्या माणसाच्या मानेकडे बघते. आणि नवऱ्याला सामना बघायला आत येऊ देत नाही. चौदा वर्षांपूर्वी तो एकदाच आला होता, तेव्हा आम्ही चार-शून्य हरलो. तेव्हापासून तो बाहेर टेम्पोत बसून सामना ऐकतो. गोल कुणी केला हे त्याला नुसत्या आरड्याओरड्यावरून कळतं, आणि कधी चुकत नाही. "अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला," असं तो एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, असेल, पण माझ्या झाडावर कावळा नको.

खरं सांगायचं तर बघणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, घसा बसेपर्यंत ओरडायचं, हरलो तर दोन दिवस घरातल्यांवर खेकसायचं. मी कधी चेंडूला पाय लावलेला नाही. मी नसले तरी अकरा जण खेळणारच आहेत. एखाद्या गोष्टीवर एवढा जीव लावायचा आणि तिच्यासाठी काडीचंही काही करता येऊ नये, हे मला सहन होत नाही. डावी चप्पल त्यासाठी आहे. आपण काहीतरी केलं, असं वाटतं.

आता कुलूपबद्दल. तो आमचा गोलकीपर. दुकानात शिरताना वाकावं लागेल इतका उंच, आणि बोलायला इतका कमी की फोनवर बोलणं तुटलं असं वाटावं. लोक त्याला कुलूप म्हणतात, म्हणजे यंदा म्हणतात. तीन वर्षांपूर्वीच्या प्लेऑफमध्ये शेवटच्या मिनिटाला एक साधा, रांगत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत गेला होता. घरातल्या पोराने पायाने थोपवला असता असा चेंडू. त्यानंतर यंदापर्यंत शहर त्याला बोगदा म्हणायचं. तो भाजी घ्यायला गेला तरी मागून कुणीतरी आगगाडीची शिट्टी वाजवायचं. तो मान खाली घालून भाजी निवडत राहायचा.

यंदा मोसमाच्या मध्यावर आम्ही तळाला होतो. मग एका सामन्यात त्याने उजवीकडे झेप घेऊन पेनल्टी अडवली. मी अर्थातच समोरच्याची मान बघत होते, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अर्ध्या बाह्यांच्या जर्सीखाली तो पूर्ण बाह्यांचा पांढरा सुती शर्ट घालतो. त्या झेपेत शर्टाच्या उजव्या कोपरावर चिखल, गवत आणि खरचटल्याचं जरासं रक्त, असा मिळून एक डाग पडला. तो सामना जिंकलो. त्याने शर्ट धुवायला दिला नाही. पुढचाही जिंकलो. त्याच्या पुढचा बरोबरीत सुटला. असे अकरा सामने झाले, आम्ही एकही हरलो नाही, आणि शर्टाला पाणी लागलं नाही. ड्रेसिंग रूममध्ये कपडे पोचवायला जाणारा माझा नवरा सांगतो, की त्याच्या खुंटीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या रिकाम्या असतात. स्टँडमध्ये मात्र लोक उजव्या कोपराला तपकिरी रंग फासून येऊ लागले. पेपरातला तो फोटो मी इस्त्रीच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवला. बावीस वर्षं डाग काढण्यात गेली, आणि ज्या एका डागासाठी देव पाण्यात घालून बसले, तो धुवायला येतच नव्हता.

गेल्या शनिवारी लीगचा शेवटचा सामना होता. बरोबरी पुरे होती, बरोबरी झाली. पण एक चेंडू त्याच्या उजव्या हाताला आला, खांबाला लागला आणि परत फिरला. तो उशिरा झेपावला होता, हे मला दिसलं. शेजारच्याला मी म्हटलं, "खांबही आपलाच आहे." घरी येईपर्यंत मात्र ते मनात टोचत होतं. त्याला कुठे दुखतंय का, कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी प्लेऑफची तिकिटं मिळणार होती. सकाळी सहालाच रांग वळसा घालून मागच्या गल्लीत गेली होती. संघाचं गाठोडं मी कधी दुसऱ्या कुणाला सोडू दिलेलं नाही, पण बारावी ओळ हातची जाईल या भीतीने मी ते नणंदबाईंच्या हवाली केलं आणि रांगेत उभी राहिले. नणंदबाई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. दुकान आम्ही दोघी चालवतो. फुटबॉलबद्दल त्यांना एवढंच ठाऊक आहे, की तो झाला की कपडे येतात. पण त्यांच्या हाताला यश आहे. डाग दिसला की त्यांच्या अंगात येतं.

दुपारी बारा वाजता तिकीट घेऊन परत आले तर त्या दारातच उभ्या, चेहरा उजळलेला.

"वहिनी, डोळे मीट."

"ताई, चहा तरी घेऊ द्या."

"आधी मीट. हं, आता उघड."

त्यांच्या हातात एक पांढरी बाही होती. नुसती पांढरी नाही, नव्या कागदासारखी.

"उभ्या जन्मात असा डाग पाहिला नव्हता मी," त्या म्हणाल्या. "तीन थर! आधी वाळलेला चिखल ब्रशने झाडला. मग रक्ताला थंड पाणी आणि मीठ. मग गवताला स्पिरिट. दोन तास गेले. आता मला सांग, कुठे होता? दाखव! बोट ठेव!"

बोट कुठे ठेवायचं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. मी तिथेच टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसले.

"हा शर्ट तुम्हाला कुठे मिळाला?"

"त्या लांबड्याच्या जर्सीच्या आत होता, गुंडाळलेला. दोन्ही एकदमच ओढून काढले असतील. का गं?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे अकरा सामने न धुतलेला शर्ट घालून तो चारचौघांत जातो," त्या म्हणाल्या, "आणि चूक माझी?"

चूक त्यांची नव्हतीच. गाठोडं माझं होतं. मी जागेवर असते तर शर्ट पाहताच बाजूला काढून, पिशवीत घालून, तसाच परत पाठवला असता. बारावी ओळ वाचवायला गेले आणि इथे सगळ्या मोसमावर पाणी ओतून बसले. करायला गेले काय आणि झालं भलतंच.

आता त्याला सांगायचं कसं? सांगितलं तर शनिवारी तो गोलमध्ये उभा राहील आणि त्याच्या डोक्यात चेंडू नसेल, शर्ट असेल. मुळात घाबरट जीव. तीन वर्षं ज्याने शिट्ट्या ऐकल्या, तो अकरा सामने कशाच्या आधारावर उभा होता, हे सगळ्या शहराला माहीत होतं. तो आधार आम्ही दोन तास ब्रश मारून काढून टाकला होता. त्या रात्री मी नवऱ्यालाही काही बोलले नाही.

मंगळवारी सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं. डाग गेला तर डाग परत आणायचा. डाग कसा जातो हे जिला कळतं, तिला तो कसा येतो हेही कळायला हवं.

चिखल त्याच गोलसमोरचा हवा होता. तिथली माती लालसर आहे, मैदानाच्या दुसऱ्या टोकाची काळी. टॉवेल पोचवायचं निमित्त करून मी आत गेले आणि गोलसमोर उकिडवी बसून डबीत माती भरू लागले. तेवढ्यात मैदानाची देखभाल करणारे काका आले.

"काय शोधताय, बाई?"

"कानातलं पडलं," मी म्हटलं.

ते बिचारे गुडघ्यांवर बसले आणि गवतात बोटं घालून शोधू लागले. अर्धा तास शोधत होते. माझ्या दोन्ही कानांत कानातली होती. त्यांनी वर बघू नये म्हणून मी पदर कानांवरून घेऊन बसले होते. शेवटी मीच म्हटलं, जाऊ द्या, फार किमती नव्हतं. मला त्यांच्यासमोर इतकी लाज वाटली की बाहेर येईपर्यंत कान तापले होते.

दुकानात येऊन मी फोटो समोर ठेवला. चिखल कोमट पाण्यात कालवला, बोटाने लावला, वाळू दिला. गवताची पाती चुरगळून घासली. कडेचा तपकिरी ठिपका रक्ताचा होता. त्याच्या जागी कोरा चहा, काडीच्या टोकाने. बाकीचा शर्ट मळवायला दुकानामागची धूळ पुरली. नणंदबाई इस्त्री करता करता बघत होत्या.

"लोक आपल्याकडे डाग काढायला येतात हो," त्या म्हणाल्या. "बाहेर कळलं तर दुकानाला कुलूप लागेल."

"कुलूपसाठीच चाललंय," मी म्हटलं. त्यांना काही ते कळलं नाही.

राहता राहिला वास. अकरा सामन्यांचा घाम मी कुठून आणणार? तेव्हा सात नंबरवाल्याचे न धुतलेले मोजे शर्टात गुंडाळून रात्रभर पिशवीत बांधून ठेवले. बुधवारी पिशवी उघडली आणि मला माझाच अभिमान वाटला. फोटोशेजारी धरला तर फरक सांगता आला नसता. पण त्याच वेळी कुठेतरी वाईटही वाटत होतं. माझ्या हातचं काम इतकं चांगलं क्वचितच झालं होतं, आणि तेच खोटं होतं.

बुधवारी संध्याकाळी सरावानंतर कुलूप स्वतःच दुकानात आला. एरवी कपडे माझा नवरा पोचवतो. त्या वेळी तो आणि नणंदबाई टेम्पो घेऊन दुसरीकडे गेले होते. गोलकीपर वाकून आत आला आणि दारापाशीच उभा राहिला.

"मावशी, माझे कपडे झाले?"

"कधीचेच," मी म्हटलं. जर्सी दिली. मग काउंटरखालून पिशवी काढली आणि शर्ट असा ठेवला, की उजवं कोपर वर यावं. "हा चुकून गाठोड्यात आला होता बघ. माझं लक्ष गेलं म्हणून बरं. हातसुद्धा लावला नाही मी."

खोटं इतकं सराईतपणे तोंडातून गेलं की माझी मलाच भीती वाटली. त्याचा चेहरा खुलेल, या आशेने मी बघत होते. तो खुलला नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर तो बसला आणि शर्टाकडे बघत राहिला.

"धुतला नाही?"

"वेडा का तू? प्लेऑफ तोंडावर आला आणि मी हा धुवेन?"

"मावशी, तो चुकून आला नव्हता," तो म्हणाला. "मीच टाकला होता."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्याच्या तोंडून एका वेळी एवढं कधी निघत नसे, पण त्या दिवशी तो बोलत राहिला.

"गेल्या शनिवारी तो खांबाला लागलेला चेंडू, आठवतो? माझ्या उजवीकडे होता. सरळ झेप घ्यायची. आणि माझ्या मनात काय आलं असेल? कोपर घासलं तर डाग बिघडेल. मी कोपर वाचवलं, मावशी. चेंडू सोडला आणि कोपर वाचवलं. तिथे खांब नसता तर आपण आज प्लेऑफमध्ये नसतो." त्याने तळहातांनी डोळे चोळले. "स्वतः धुवायची हिंमत नव्हती. दोनदा नळापर्यंत गेलो. मग म्हटलं, जर्सीत गुंडाळून तुमच्याकडे पाठवावा. तुम्ही धुऊन टाकाल, विषय संपेल. आता हा परत आलाय म्हणजे मला घालावाच लागणार. नाही घातला आणि हरलो, तर शहर मला जगू देणार नाही. घातला, तर मी पुन्हा कोपरच वाचवणार."

त्याने मोठ्या कष्टाने खांद्यावरचं ओझं उतरवलं होतं, आणि मी ते उचलून, झाडूनपुसून, पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवलं होतं. वर त्याचा अभिमान बाळगून बसले होते.

"अरे," मी म्हटलं, "तो धुतला होता."

त्याने मान वर केली.

"सोमवारीच धुतला. माझ्या नणंदेने. काही म्हणजे काही उरलं नव्हतं. हा डाग मी केलाय. काल. गोलसमोरची माती आणून."

तो उठला, शर्ट दिव्याखाली नेला, बाही उलटसुलट केली. "हे रक्त?"

"चहा आहे."

त्याने शर्ट नाकाशी नेला आणि झटकन बाजूला केला. "आणि वास?"

"सात नंबरचे मोजे."

तो हसू लागला. बावीस वर्षांत मी खूप गोलकीपर पाहिले, पण एवढा मोठा माणूस एवढा हसताना पाहिला नव्हता. काउंटरला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मलाही हसू आवरेना. माझी लाज त्या हसण्यात थोडी सैल झाली.

"धुवा मग," तो म्हणाला.

मी शर्ट हातात घेतला. दोन पावलं गेले आणि थांबले.

"प्लेऑफ होऊ दे," मी म्हटलं. "रविवारी धुते. वाटलं तर घालू नकोस, पण राहू दे तसाच. पिशवीत राहू दे."

"मावशी, या डागाने एकही सामना जिंकलेला नाही. काल जन्मलाय तो."

"कळतंय रे मला."

कळत होतं. त्यात चहा किती आणि मोजे कुणाचे, हे जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी माझा हात नळाकडे जाईना. शनिवारी काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल, एवढंच डोक्यात होतं. तो घाबरला म्हणून मी दोन दिवस धडपडले होते, आणि तो तर घाबरण्याच्या पार निघून गेला होता. घाबरलेली मी होते. कदाचित पहिल्यापासून मीच होते.

त्याने माझ्या हातातून शर्ट घेतला, मोरीपाशी गेला आणि लाल खुणेचा नळ सोडला. वाफ निघाली. तो शर्ट सरळ त्याखाली धरणार, तेवढ्यात मी ओरडले.

"अरे, गरम पाणी नको! बसेल तो कायमचा! चिखलाला कुणी गरम पाणी लावतं का?"

मी धावत जाऊन शर्ट ओढून घेतला, गार पाण्याचा नळ सोडला, साबण लावला आणि कोपर दोन्ही मुठींत धरून चोळू लागले. हात आपोआप चालत होते. डाग अर्धा विरघळला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी धुतेय. मग थांबण्यात अर्थ नव्हता. तीन वेळा पाणी बदललं. चौथ्या पाण्याला बाही स्वच्छ झाली. तो शेजारी उभा राहून बघत होता.

"हरलो तर?" मी विचारलं. पिळलेला शर्ट हातातच होता.

"हरलो तर माझ्यामुळे हरू. तुमच्या हातांमुळे नाही."

बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक पराभव मी घरी आणला होता. आधी उजवी चप्पल घातली गेली असेल, चुकून पेनल्टीकडे नजर गेली असेल, नवरा टेम्पोतून उतरून फाटकापर्यंत आला असेल. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरं काहीतरी टोचलं.

"आणि जिंकलो तर?"

तो थोडा घुटमळला. "तेही आमच्यामुळेच, मावशी."

"मग मी येऊ तरी कशाला?" मी हसत विचारलं, पण मला उत्तर हवं होतं.

तो ओल्या हातांनी जर्सीची घडी उगाच सारखी करत राहिला.

"तीन वर्षांपूर्वी, त्या चेंडूनंतर," तो म्हणाला, "मी खांबाला टेकून बसलो होतो. आत जायची हिंमत नव्हती. म्हटलं, स्टँड रिकामा झाला की उठायचं. सगळे गेले. पण तो रिकामा होईना. मागे, वरच्या ओळीत एक बाई बसून होती. ती उठेना, म्हणून मलाही उठता येईना. अर्धा तास तरी आपण दोघेच होतो त्या मैदानात. दुसऱ्या दिवशी मी खेळणं सोडतोय म्हणून सांगणार होतो. नाही सांगितलं."

मला तो अर्धा तास चांगला आठवत होता. गप्प राहिले असते तर चाललं असतं. त्याने मला मोठी करून ठेवलीच होती. पण त्या दिवशी एक खोटं त्याच्यापुढे मांडून झालं होतं आणि दुसऱ्याची ताकद नव्हती.

"अरे, मी तुला शिव्या देत होते," मी म्हटलं. "येत होत्या तेवढ्या. तुला, तुझ्या पायांना, तुला गोलमध्ये उभं करणाऱ्याला. संपत नव्हत्या, म्हणून उठले नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ओठ हलताना दिसत होते. पण बाकीचे सगळे शिव्या देत घरी गेले, मावशी. तुम्ही बसून दिल्यात."

मला रडू फुटलं. आवरता आलं नाही, आणि आवरलंही नाही. तो बावरून इकडेतिकडे बघू लागला आणि शेवटी स्वच्छ टॉवेलांच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल काढून त्याने माझ्यापुढे धरला.

"शनिवारी येते," मी डोळे पुसत म्हटलं. "हरलास तरी बसेन. पण शिव्या देईन."

"द्या," तो म्हणाला.